मीटरमागे किती डेसिबल?

(छत्रपती संभाजीनगर येथे प्लास्टिक उद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथून पाळी सांभाळून आलेल्या मित्रहो,

प्रकाशतंतूसाठी, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरसाठी, पॉलिमर कसे पारखावे आणि त्याला ग्राहक कसे मिळवावेत, असा आजचा दुहेरी विषय आहे. आपली उत्सुकता ग्राहकांविषयी अधिक असणार, हे मी जाणतो. तरीही पारखण्याविषयी आधी बोलू द्या, कारण आपल्याकडचे नमुने ग्राहकाच्या दारातून परत येतात ते बहुधा याच पायरीवर.

बारा वर्षांपूर्वी आम्ही अॅक्रिलिक जातीचे एक पॉलिमर तयार केले. दाणे स्फटिकासारखे दिसत. एका प्रयोगशाळेने आमची ३ मिलिमीटर जाडीची पट्टी तपासून प्रकाश पारगम्यता ९२ टक्के असल्याचा अहवाल दिला. तो अहवाल, दाण्यांची पिशवी आणि पट्टी घेऊन मी ऐन आषाढात पुण्याला एका तंतू-उत्पादकाकडे गेलो. तिथल्या अभियंता बाईंनी पट्टी बाजूला ठेवली आणि विचारले, ‘मीटरमागे किती डेसिबल?’ म्हणजे तंतूच्या दर मीटरला प्रकाशाचा क्षय, अर्थात घट, किती; दहा डेसिबल क्षय झाला की प्रकाशाचा दहावा हिस्सा उरतो. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी कागदावर जो हिशेब करून दाखवला, तो मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आलो आहे. आज आपल्यालाही सांगतो.

अॅक्रिलिकचा, म्हणजे पीएमएमएचा, अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचे माप, सुमारे १.४९ असतो. त्यामुळे हवेतून पट्टीत शिरताना जवळपास ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो आणि बाहेर पडताना तेवढाच पुन्हा. शंभरातून हे आठ वजा करा, म्हणजे ९२ उरतात! याचा अर्थ, अहवालातला आकडा पट्टीच्या दोन पृष्ठभागांविषयी बोलत होता. आतल्या पदार्थाविषयी त्यात जवळजवळ काहीच नव्हते. चांगल्या पीएमएमए तंतूत ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाचा क्षय मीटरमागे सुमारे ०.१५ डेसिबल असतो. ३ मिलिमीटरमध्ये तो टक्क्याच्या शंभराव्या भागाइतका होतो, आणि दहापट वाईट पदार्थातही टक्क्याच्या दहाव्या भागापुढे जात नाही. हेच दोन पदार्थ १० मीटर तंतूत ओढा, म्हणजे पहिल्यातून सुमारे ७१ टक्के प्रकाश बाहेर येतो आणि दुसऱ्यातून अवघा ३ टक्के. खिडकीची काच समोरून स्वच्छ दिसते, पण तुटलेला तुकडा कडेने पाहिला की हिरवा दिसतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. वाट लांबली की पदार्थाचा खरा रंग कळतो.

बाईंनी आमच्या दाण्यांचा थोडा तंतू ओढून पाहण्याची तयारी दाखवली, हे त्यांचे मोठेपण. अंधाऱ्या खोलीत एका टोकाला दिवा लावला, तर तंतूच्या अंगावर जागोजाग चमकते ठिपके दिसले आणि दुसऱ्या टोकाला मंद, पिवळट उजेड. क्षय मीटरमागे ४ डेसिबल भरला, म्हणजे अडीच मीटरवर प्रकाशाचा दहावा हिस्सा उरत होता. ठिपके धुळीचे होते. आमची दाणे भरण्याची जागा उघडी होती. काही बुडबुडे दमटपणाचे होते, कारण अॅक्रिलिक हवेतले पाणी शोषते आणि आम्ही दाणे नीट वाळवले नव्हते. पिवळेपणा माल दोनदा वितळवल्यामुळे आला होता. प्रयोगशाळेला मी दोष देत नाही. आम्ही विचारले तेच तिने मोजले. दुःख एवढेच, की हा हिशेब इथल्या कोणी आम्हाला आधी सांगितला असता, तर आमची दोन वर्षे वाचली असती.

म्हणून माझा आग्रह असा, की पुण्या-मुंबईची वाट धरण्यापूर्वी १० मीटर तंतू ओढावा, टोके बारीक कागदाने घासून गुळगुळीत करावीत, तांबडा एलईडी जोडून दुसऱ्या टोकाचा प्रकाश मोजावा; मग दिव्याकडचे टोक अजिबात न हलवता १ मीटर ठेवून बाकीचा तंतू कापावा, नवे टोक तसेच घासून पुन्हा मोजावे आणि डेसिबलमधला फरक नऊने भागावा. हे काम साध्या कार्यशाळेत होते. मात्र निव्वळ गाभ्याने, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या आतल्या भागाने, भागत नाही. प्रकाश बाहेर निसटू नये म्हणून त्यावर कमी अपवर्तनांकाचे, बहुधा सुमारे १.४० चे फ्लोरिनयुक्त आवरण घट्ट बसले पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा ग्राहकांविषयी थोडक्यात सांगतो. दूरसंचाराच्या केबलवाल्यांकडे जाऊ नका. आपल्या वाळूज-शेंद्र्यात बनतो तो तंतू काचेचा. त्यात १५५० नॅनोमीटरवर किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल क्षय होतो, तर पीएमएमएमध्ये तांबड्या प्रकाशाचाही सुमारे १५०. पॉलिमरची ताकद आखूड अंतरात आहे: १ मिलिमीटर जाडीचा, वाकणारा, पात्याने कापून जोडता येणारा तंतू यंत्रांचे सेन्सर, उच्च दाबाच्या विद्युत उपकरणांतील संदेशवहन, सजावटीचे दिवे यांना चालतो. साध्या पीएमएमएची मर्यादा ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास येते, म्हणून इंजिनाजवळची जागा मागू नका. ग्राहकाला लांबी, प्रकाशाचा रंग, तापमान आणि वाकवण्याची त्रिज्या आधी विचारा. तीन वेगवेगळ्या घाण्यांचे क्षयाचे आकडे सोबत न्या, कारण एकच उत्तम नमुना पाहून मोठी मागणी कोणी नोंदवत नाही.

आणखी एक अडचण आहे. मोठे तंतू-उत्पादक धूळ टाळण्यासाठी मोनोमरपासून, म्हणजे पॉलिमरच्या कच्च्या मालापासून, तंतूपर्यंतचे काम बंदिस्त यंत्रणेत स्वतःच करतात, त्यामुळे पिशवीतल्या दाण्यांना तिथे सहसा वाव नसतो. आम्ही जागा बंदिस्त केली, दाणे वाळवले, वितळवणे एकदाच ठेवले, आणि क्षय मीटरमागे ०.९ डेसिबलवर आला. तंतूसाठी तो नापासच होता. मात्र वाहनांच्या मागच्या दिव्यात उजेड फिरवणारी अॅक्रिलिकची दांडी ३० सेंटिमीटरची असते आणि तेवढ्या अंतरात आमच्या मालात जेमतेम ६ टक्के प्रकाश वाया जात होता. त्या दांड्या ओतणारा कारखाना आमच्यापासून अर्ध्या तासावर, वाळूजमध्ये होता; आमची पहिली मागणी तिथून आली.