हायलंडच्या अलीकडचे हायलंड

श्रोतेहो, आजचा विषय वरवर पाहता हलकाफुलका आहे. एडिंबरा किंवा ग्लासगो शहरातून सकाळी एक मिनीबस निघते, ‘आउटलँडर’ या दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण जिथे झाले ते किल्ले, राजवाडे आणि गावे दाखवते आणि संध्याकाळी प्रवाशांना पुन्हा शहरात आणून सोडते. गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस बहुधा एकच असतो. पण किल्ले पाहण्याची सवय असलेला माणूस या सहलीला गेला, तर एक गोष्ट त्याच्या लवकरच ध्यानात येते. दिवसभर कानांवर गोष्ट पडते ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखाची, म्हणजे हायलंडची. बस मात्र त्या मुलखात एकदाही शिरत नाही. असे का होते, आणि तरीही ही सहल करावी असे मला का वाटते, हे आज मांडायचे आहे.

मालिका ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथानक सांगतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४५ साली, एक इंग्लिश परिचारिका नवऱ्यासोबत इन्व्हरनेसला येते आणि उभ्या शिळांच्या एका वर्तुळातून थेट १७४३ मध्ये जाऊन पडते. तिथे तिला मॅकेन्झी आणि फ्रेझर या हायलंडमधील कुळांची माणसे भेटतात. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेले १७४५ चे बंड तोंडावर आलेले असते. हे बंड खरे आहे. चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट या तरुण राजपुत्राने ऑगस्ट १७४५ मध्ये ग्लेनफिनन येथे निशाण उभारले, त्याचे सैन्य इंग्लंडमध्ये डार्बीपर्यंत धडकले, तेथून माघारी वळले आणि १६ एप्रिल १७४६ रोजी इन्व्हरनेसजवळच्या कलोडन येथील माळावर तासाभराच्या आत त्याची वाताहत झाली. बंडानंतर हायलंडच्या लोकांची शस्त्रे काढून घेण्यात आली आणि त्यांच्या पारंपरिक पोशाखावर घातलेली बंदी १७८२ पर्यंत उठली नाही.

आता भूगोलाकडे वळू. मालिकेचा स्टुडिओ कंबरनॉल्ड येथे, एका जुन्या कारखान्याच्या जागेत उभारला गेला आणि हे ठिकाण एडिंबरा व ग्लासगो यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. कलाकार, घोडे, दिव्यांच्या गाड्या, कपडेपट आणि शेकडो माणसांचे जेवण रोज काही तासांच्या अंतरावर न्यायचे म्हणजे खर्च किती आणि वेळ किती, याचा अंदाज कोणालाही करता येईल. म्हणून कथेतल्या हायलंडचे किल्ले शोधले गेले ते शक्यतो स्टुडिओपासून तासा-दीड तासाच्या टप्प्यात. त्यामुळेच ही सहल एका दिवसात बसते. निर्मात्याला जे अंतर परवडले, तेच पुढे सहल काढणाऱ्यालाही परवडले, आणि फोर्थच्या खाडीभोवतीचा सुपीक, सखल प्रदेश पडद्यावर हायलंड म्हणून जगभर पोहोचला.

सहलीतले सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे स्टर्लिंगच्या वायव्येस, टीथ नदीच्या काठचा डून किल्ला. मालिकेत हा मॅकेन्झी सरदाराचा ‘कॅसल लिओख’ आहे. मॅकेन्झींचे खरे घर, कॅसल लाउड, इन्व्हरनेसच्याही पुढे आहे. डूनचा मॅकेन्झींशी काही संबंध नाही; तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट स्टुअर्ट, ड्यूक ऑफ ऑल्बनी याने बांधला. हा राजाचा भाऊ. राज्यकारभार याच्या हाती, मुकुट मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर. १४०२ मध्ये त्याचा पुतण्या, म्हणजे गादीचा वारस, फॉकलंड या गावी त्याच्याच कैदेत मरण पावला आणि काकाने त्याला उपाशी मारले अशी बोलवा उठली. शनिवारवाड्याच्या गावात हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. दुसरा पुतण्या पहिला जेम्स १४०६ मध्ये इंग्रजांच्या हाती सापडला आणि अठरा वर्षे तिकडे अडकला. काकांना सोडवणुकीची घाई नव्हती असे म्हणतात. राजा परतल्यावर १४२५ मध्ये त्याने ऑल्बनीच्या मुलाचा शिरच्छेद करवला आणि डून राजाच्या खालसात आला.

हा स्वभाव बांधकामातही उतरला आहे. प्रवेशद्वारावरचा मनोरा सुमारे तीस मीटर उंच आहे आणि मालकाचे खासगी दालन नेमके त्या दरवाजाच्या माथ्यावर आहे. तिथे जायला अंगणातून स्वतंत्र जिना आहे, म्हणजे पंगतीच्या मोठ्या दालनात कितीही माणसे जमली तरी दरवाजाची किल्ली धन्याच्याच हाती. मोठ्या दालनापलीकडच्या मुदपाकखान्यातली चूल साडेपाच मीटर रुंद आहे. आपल्या शहरांतल्या पुष्कळशा घरांचे संपूर्ण स्वयंपाकघर तिच्यात मावेल. पण मला विचाराल तर अंगणात आल्यावर या इमारतींकडे पाठ करून दक्षिणेकडचा तट पाहावा. त्या उघड्या भिंतीत मोठमोठ्या खिडक्या आहेत आणि खिडक्यांमागे खोल्याच नाहीत. चारही बाजूंना इमारती बांधायचा बेत होता, तो कधी पुरा झाला नाही. खिडक्या तेवढ्या राहिल्या.

डूनला पडद्याची सवय जुनी आहे. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘माँटी पायथन’ मंडळींच्या विनोदी चित्रपटासाठी अनेक किल्ल्यांची परवानगी वारसास्थळे सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने ऐनवेळी नाकारली. मग त्या काळी खासगी मालकीच्या असलेल्या या एकाच किल्ल्याला निरनिराळ्या कोनांतून अनेक किल्ले करून दाखवावे लागले. त्या चित्रपटात घोड्यांऐवजी नारळाच्या करवंट्या वाजवून टापांचा आवाज काढला आहे, म्हणून आजही प्रेक्षक तिथे करवंट्या वाजवताना दिसतात. करवंट्यांचे एवढे कौतुक कोकणातसुद्धा होत नसेल. पुढे ‘आउटलँडर’ने तर गर्दीचे स्वरूपच पालटले. २०१३ मध्ये डूनला सुमारे ३८ हजार लोक आले होते. २०१७ मध्ये हा आकडा १ लाख २४ हजारांवर गेला.

यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते की १७४५ च्या बंडाशी डूनचा खरा संबंध आहे, आणि तो मालिकेतल्यापेक्षा कमी रंजक नाही? जानेवारी १७४६ मध्ये फॉलकर्कची लढाई बंडखोरांनी जिंकली आणि सरकार पक्षाचे कैदी डूनमध्ये आणून ठेवले. त्यांतल्या काहींनी चादरी एकमेकींना बांधून दोर केला आणि उंचावरून उतरून पोबारा केला. त्याच कैद्यांमध्ये जॉन विदरस्पून नावाचा एक धर्मोपदेशक होता. पुढे तो अमेरिकेला गेला आणि तिथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत त्याचे नाव आले.

डूनहून पूर्वेकडे फोर्थच्या काठी ब्लॅकनेस किल्ला आहे. मालिकेत तो ‘फोर्ट विल्यम’ झाला आहे आणि नायकाला चाबकाने फोडून काढण्याचे ते भयंकर दृश्य इथल्या अंगणातले आहे. खरा फोर्ट विल्यम दोनशे किलोमीटरच्या आसपास दूर, पश्चिम किनाऱ्याकडे होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली तेव्हा त्याचा बहुतेक भाग पाडला गेला. म्हणजे निर्मात्याने ठरवले असते तरी तिथे चित्रीकरण होण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. ब्लॅकनेसचा आकार पाण्यात घुसलेल्या जहाजासारखा आहे, म्हणून त्याला ‘कधीही न निघालेले जहाज’ म्हणतात. अंगणात फरशी नाही. उघडा, ओबडधोबड खडक आहे, आणि पावसात त्यावर चालणे हे पायांच्या परीक्षेचे काम आहे. समुद्राकडच्या बुरुजात तळाशी अंधारकोठडी आहे आणि भरतीचे पाणी तिच्यात शिरत असे. सरकारी कैद्यांना इथे खरोखरच ठेवले जाई. त्यामुळे नाव बदलले तरी भूमिका या किल्ल्याला परकी नाही.

मिडहोप हे ठिकाण मी थोडक्यात उरकतो, कारण तिथे थांबणेही थोडक्यातच होते. नायकाचे वडिलोपार्जित घर ‘लॅलीब्रॉख’ म्हणून दाखवलेली ही सोळाव्या शतकातली मनोरावजा गढी एका खासगी जहागिरीत आहे. आतून ती पडकी आहे आणि आत सोडत नाहीत. पायऱ्यांसमोर उभे राहून छायाचित्र काढायचे आणि निघायचे. मालिकेच्या चाहत्यांचे डोळे मात्र इथे पाणावतात, हे मी पाहिले आहे, आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही.

लिनलिथगोचा राजवाडा मात्र सावकाश पाहावा. मालिकेत तो इंग्रजांचा ‘वेंटवर्थ तुरुंग’ आहे. प्रत्यक्षात स्कॉटलंडची राणी मेरी हिचा जन्म ८ डिसेंबर १५४२ रोजी या वाड्यात झाला, आणि सहाच दिवसांनी तिचे वडील पाचवा जेम्स फॉकलंडच्या वाड्यात वारले. सहा दिवसांच्या मुलीकडे राज्य आले. चौकातले १५३८ चे नक्षीदार कारंजे याच जेम्सचे. सप्टेंबर १७४५ मध्ये राजपुत्र चार्ल्स इथे आला तेव्हा त्या कारंजातून मद्य वाहिले अशी दंतकथा आहे. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, १७४६ च्या सुरुवातीला, त्याच्या पाठलागावर असलेले सरकारी सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंड याचे सैन्य वाड्यात मुक्कामाला राहिले. ते निघाल्यावर त्यांनी मागे ठेवलेल्या शेकोट्यांतून आग लागली असे मानले जाते. वाडा जळाला आणि तेव्हापासून तो छपराविना आहे. ज्या सैन्यामुळे वाड्याची ही दशा झाली, त्याच सैन्याचा तुरुंग म्हणून कॅमेऱ्याने तो वाडा वापरला. हा योग मालिकेच्या लेखकांनी जुळवला की जागेच्या सोयीने आपोआप जुळला, कोण जाणे. पण चांगला गाइड तो सांगितल्याखेरीज राहत नाही.

खाडीपलीकडे फाइफ परगण्यात दोन गावे लागतात. कूरॉस हे कोळसा आणि मीठ यांवर श्रीमंत झालेले बंदर. सर जॉर्ज ब्रूस या व्यापाऱ्याने इथे चक्क खाडीच्या तळाखाली कोळशाची खाण चालवली आणि १५९७ पासून पिवळ्या भिंतींचा वाडा बांधला. मालिकेत हे ‘क्रेन्समुर’ आहे, जिथे नायिकेवर चेटकीण असल्याचा आळ येतो. इथे एक तपशील सांगितला पाहिजे. स्कॉटलंडमध्ये चेटूक हा देहदंडाचा गुन्हा करणारा कायदा १५६३ चा होता आणि तो १७३६ मध्ये रद्द झाला. म्हणजे १७४३ साली असा खटला कायद्याने चालूच शकला नसता. मात्र त्याआधीच्या शतकात याच गावच्या कचेरीच्या माळ्यावर चेटकीण ठरवलेल्या बायकांना कोंडून ठेवत असत. दृश्य खोटे आहे ते सालापुरते, गावापुरते नाही.

दुसरे गाव फॉकलंड, म्हणजे मालिकेतले १९४५ चे इन्व्हरनेस. खरे इन्व्हरनेस आता वाढलेले, गजबजलेले शहर आहे, तर फॉकलंड इतके जपलेले की १९७० मध्ये स्कॉटलंडमधले पहिले संरक्षित वस्तीक्षेत्र म्हणून जाहीर झाले. लोक चौकातल्या कारंजापाशी गर्दी करतात, कारण पहिल्याच भागात नायिकेच्या खिडकीकडे पाहत उभी असलेली ती गूढ आकृती इथली. शेजारच्या राजवाड्याच्या बागेत १५३९ चे टेनिसचे मैदान आहे आणि जगातल्या टिकून राहिलेल्या अशा मैदानांत ते सर्वांत जुने आहे. तिकडे मात्र शुकशुकाट असतो.

उभ्या शिळांचे वर्तुळ कुठे आहे, हा प्रश्न गाइडला रोज कोणीतरी विचारतोच. ते वर्तुळ अस्तित्वात नाही. पर्थशायरमधल्या एका टेकाडावर नकली शिळा उभ्या करून ती दृश्ये घेतली आणि नंतर शिळा उचलून नेल्या. गाइडची खरी कसोटी अशा वेळी लागते. नुसता मालिकेचा भक्त असेल तर तो कोणता संवाद कुठे म्हटला गेला एवढेच सांगत राहतो. नुसता इतिहासाचा माणूस असेल तर ज्या गोष्टीपायी लोकांनी पैसे भरले तिच्यावर नाक मुरडतो. दोन्ही गोष्टी एकाच दगडावर बोट ठेवून सांगणारा गाइड मिळाला तर दिवस सार्थकी लागतो. तिकीट काढण्यापूर्वी आणखी एक पाहावे: किल्ल्यांचे प्रवेशशुल्क सहलीच्या दरात पुष्कळदा धरलेले नसते, आणि यांतल्या कुठल्या ठिकाणी आत जायचे व कुठली बाहेरूनच पाहायची, हे कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरांत दिलेले असते.

आपल्या दृष्टीने मॅकेन्झींचा एक धागा मला महत्त्वाचा वाटतो. बंडानंतर इंग्रज सरकारने हायलंडच्या कुळांना आपल्याच फौजेत ओढले. १७९३ मध्ये मॅकेन्झींच्या खऱ्या प्रमुखाने, फ्रान्सिस हंबर्स्टन मॅकेन्झीने, ७८ वी हायलंड पलटण उभी केली. दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, ही पलटण आपल्या जालना जिल्ह्यातील आसई येथे आर्थर वेलस्लीच्या हाताखाली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्यासमोर उभी होती. त्या लढाईचे स्मारक म्हणून पलटणीच्या निशाणावर हत्ती आणि ‘आसई’ हे नाव आले. डूनच्या अंगणात मॅकेन्झींच्या शौर्याची चर्चा ऐकताना मराठी माणसाला हे माहीत असावे. एकाही गाइडच्या तोंडून मी ते ऐकलेले नाही.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस असेल त्यांनी एडिंबऱ्याहून रेल्वेने साडेतीन तासांचा प्रवास करून इन्व्हरनेस गाठावे आणि कलोडन पाहावे. तिथे किल्ला नाही, वाडा नाही. झुडपांचा माळ आहे आणि १८८१ मध्ये बसवलेले कुळाकुळांच्या नावांचे ओबडधोबड दगड आहेत. मालिकेचा नायक फ्रेझर असल्यामुळे त्या कुळाच्या दगडाभोवती इतके चाहते जमू लागले की पायांखाली जमीन तुडवली जाऊन गवत उरेना, आणि व्यवस्थापनाला तिथे दोर बांधावा लागला. जाणाऱ्यांनी तो ओलांडू नये.