काही न घडलेला मंगळवार

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? पंख्याखाली बसलेले मान हलवतायत, म्हंजे एकतर ऐकू येतंय नाहीतर डुलकी लागतेय. चालेल, दोन्ही चालेल. ज्याच्या घरात लहान मूल आहे तो माणूस व्याख्यानाला आला तर अर्धा तास झोप काढणं हा त्याचा हक्कच आहे, मी स्वतः तसंच करते.

पत्रिकेत विषय छापलाय 'कृतज्ञ पालकत्व'. मी बँकेत नोकरी करते, कोणी विचारवंत वगैरे नाही. वाचनालयाच्या कमिटीत आमच्या शेजारच्या काकी आहेत, त्यांना रोज सकाळी आमच्या घरातला आरडाओरडा भिंतीपलीकडे ऐकू येतो, त्यांना वाटलं असेल हिला बोलवा, निदान एक संध्याकाळ तरी शांतता मिळेल. आणि गर्दीचं म्हणाल तर आपल्या गोव्यात, फोंडा महालात व्याख्यानाला किती माणसं येतात हे मला ठाऊक आहे, जत्रेतलं नाटक असतं तर दुपारपासून खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरल्या असत्या. तुम्ही आलात, उपकार आहेत.

मुद्दा आधीच सांगून टाकते, कारण सात वाजता आरती आहे आणि मला फाटे फोडायची सवय आहे. लहान मुलांबरोबर आपला जो रोजचा कंटाळवाणा, चिडचिडा, काहीच न घडणारा दिवस जातो ना, तो दिवस फार नवा आहे हो. आपल्या पणजीच्या वाट्याला तो असा बिनघोर कधी आलाच नाही. त्याचे आकडे आणलेत मी, कागद आहे हा. पण त्याआधी बरणीचं सांगते, ते पोटात ठेवून मला पुढे बोलताच येणार नाही.

तर बरणी. माझा मुलगा के.जी.त आहे. शाळेचं नाव सांगणार नाही, अजून दहा वर्षं तिथेच काढायचीयत. पावसाळ्यात एके रात्री साडेआठला ग्रुपवर मेसेज, की उद्या प्रत्येक मुलाने 'ग्रॅटिट्यूड जार' करून आणायची. पारदर्शक बरणी, झाकणाला सॅटिनची रिबन, आत रंगीत चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. आता या मुलाचं स्वतःचं अक्षर म्हंजे काय, तर त्याला पाचाचा आकडा कुठल्या बाजूला तोंड करून बसतो ते अजून नक्की ठरवता आलेलं नाही. मी बघत बसले की कोणीतरी म्हणेल मॅम, ही काय वेळ झाली सांगायची. कोणी नाही. पटापट सगळ्यांचे हात जोडलेले, ओके मॅम, ओके मॅम, आणि एकीने विचारलं ग्लिटर पेन चालेल का. ती बाई मला माहितीय, तिच्याकडे ग्लिटर पेन असणारच, तिच्याकडे लॅमिनेशनचं मशीन आहे.

बाहेर पाऊस धो धो, लाईट गेलेली, दुकानं बंद. घरात काचेची बरणी एकच, सासूबाईंची, आणि तिच्यात लिंबाचं लोणचं मुरत ठेवलेलं. ते लोणचं एका स्टीलच्या डब्यात काढायला सासूबाईंची मनधरणी करणं हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, पुढच्या वर्षी बोलवा. बरणी दोनदा घासली, तिसऱ्यांदा सोडा घालून घासली, हिंगाचा वास जाईना. नवरा कुंडईला कारखान्यात, सेकंड शिफ्ट, तो अकराला येणार. मेणबत्तीच्या उजेडात मी रंगीत कागद कापतेय आणि मुलाला विचारतेय, बाबू, सांग बघू, तुला कोणाकोणाला थँक्यू म्हणायचंय?

तो खूप गंभीर झाला. मग म्हणाला, पोदेराक, म्हंजे पाववाल्याला. मी म्हटलं छान, अजून? आजीच्या दातांना. आजी रात्री दात काढून वाटीत ठेवते आणि तो ते रोज बघायला जातो, त्याच्या लेखी घरातली सगळ्यात भारी वस्तू ती आहे. अजून? पावसाला. का रे? परवा शाळा बंद होती ना म्हणून.

मी प्रामाणिकपणे तिन्ही लिहिल्या, त्याचा हात धरून. तर दुसऱ्या दिवशी बरणी परत. सोबत चिठ्ठी, की प्लीज मीनिंगफुल गोष्टी लिहा, उदाहरणार्थ माय पेरेंट्स, माय टीचर, माय नेशन. मग आम्ही माय नेशन लिहिलं. पहिलं बक्षीस मिळालं ते आत बारीक दिवे लावलेल्या बरणीला. आमची बरणी प्रदर्शनात शेवटच्या टेबलावर, आणि तिथे उभं राहिलं की भूक लागायची.

हसताय, पण माझा राग खरा आहे. पाच वर्षांच्या मुलाला ज्याचं त्याला अप्रूप आहे ते त्याने बरोब्बर सांगितलं होतं. पोदेराचंच घ्या. सकाळी साडेसहाला सायकलचा भोंगा वाजतो, पों पों, हा अनवाणी फाटकाकडे. मला उंडे नि पोय, त्याला कांकण. ते कडक कांकण हातात बांगडीसारखं चढवतो, आणि हात चहाच्या कपावर धरून मनगटाभोवती फिरवत फिरवत कुरतडतो, सगळीकडून सारखं कुरतडलं गेलं पाहिजे असा काहीतरी त्याचा नियम आहे. ते बारीक होत जातं आणि शेवटी तुटून चहात पडतं. मग रडणं. रोज. तोवर सात वाजलेले, सव्वासातला व्हॅन, मोठीचा एका पायातला मोजा हरवलेला, आणि मी ओरडतेय, ते काकींना ऐकू येतंय. आता अशा सकाळीबद्दल कृतज्ञता बाळगा असं मला कोणी सांगितलं तर त्याला मी तेच तुटलेलं कांकण फेकून मारीन.

पण बँकेत काय होतं बघा. कॅशवर बसणारी माणसं इथे असतील तर त्यांना कळेल. संध्याकाळी कॅश टॅली झाली तर कोणी टाळ्या वाजवत नाही, मॅनेजर वर मान करूनसुद्धा बघत नाही. पाचशेची एक नोट कमी लागली की अख्खी शाखा तुमच्या टेबलाभोवती. घरातले बहुतेक मंगळवार टॅली झालेले असतात, म्हणून ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

आता सटीकडे येते. पंचांगातली षष्ठी नव्हे, आपल्याकडची बाळंतघरातली सटी. सहाव्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, कागद-लेखणी ठेवायची, बायकांनी जागायचं, त्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. माझ्या मुलीच्या वेळी मला हे सगळं फार गोड वाटलं होतं, फोटोबिटो काढले. सासूबाई मात्र फोटोत कुठेच हसत नाहीयेत. मी विचारलं तर म्हणाल्या, आमच्या वेळी त्या रात्री कोणी हसत नसे. त्यांच्या सासूबाईंची नऊ बाळंतपणं, हाताशी लागली चार. दोन गेली ती सटीच्या आगेमागे. मूल दूध ओढायचं थांबायचं, जबडा घट्ट व्हायचा, अंग धनुष्यासारखं ताठ. धनुर्वात. नाळ कशानेही कापायची, वर राख लावायची, जंतू तिथूनच आत जायचे आणि आठवड्याच्या आसपास मूल आखडायचं. म्हंजे सहावी रात्र कोणी उगाच निवडली असेल असं मला वाटत नाही. तिथपर्यंत धाकधूक असायची, म्हणून दिवा.

आणि ही धाकधूक धर्म बदलून जाणारी नव्हती. इन्क्विझिशनने, म्हंजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, 1736 साली एक लांबलचक फर्मान काढलं, ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुने कुठले कुठले रिवाज पाळायचे नाहीत त्याचं, त्यात या सहाव्या रात्रीच्या जाग्रणावरही बंदी आहे. तोवर इन्क्विझिशन येऊन पावणेदोनशे वर्षं झालेली. एवढ्या काळानंतरही बंदी घालावी लागते याचा अर्थ सरळ आहे, आया जागतच होत्या. शिक्षेची भीती एकीकडे आणि पाळण्याची एकीकडे.

नावं आठवा. दगडू, धोंडू, भिकू. आधीची मुलं गेली की पुढच्याला मुद्दाम असं नाव ठेवायचे, म्हणजे काळाची नजर जाणार नाही, याला कोण नेतंय म्हणून. आपण नावांची पुस्तकं आणतो, न्यूमरॉलॉजीवाल्याला फोन करतो, त्यांना नावाने मूल लपवायचं होतं. आणि हे फक्त गरिबाघरचं नव्हे. आनंदीबाई जोशींचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा त्या स्वतः चौदा वर्षांच्या. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं, 1886 ला अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या, वय एकवीस. यातलं अमेरिकेला गेल्या तेवढं आपण शाळेत शिकलो, ते दहा दिवस कोणी धड शिकवले नाहीत.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. बघा, म्हटलं होतं ना, सगळी वेळ बरणीने खाल्ली.

बरं, कागद. 1971 साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली 129 पहिल्या वाढदिवसाआधी जात होती, म्हंजे आठातलं जवळजवळ एक. 2020 मध्ये तो आकडा 28 वर आला. गोव्याचा एक आकडी आहे. 1971 म्हंजे काही शिवकाल नव्हे, या सभागृहातले निम्मे लोक तेव्हा जन्मलेले होते. देवीचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण 1975 चा. लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1978 ला सुरू झाला, 1985 ला तो सगळ्या देशात न्यायचं ठरलं. पल्स पोलिओ 1995 पासून, ते रविवारी बोटाला शाई लावून घ्यायचो ते. शेवटची पोलिओची केस जानेवारी 2011, पश्चिम बंगालमध्ये, आणि 2014 ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट. नवजात बाळांचा धनुर्वात, सटीच्या रात्रीचा तोच, तो संपुष्टात आल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. संपुष्टात म्हंजे शून्य नव्हे, प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी. गरोदर बाईला दंडात टीटीचं इंजेक्शन आणि नाळेला स्वच्छ ब्लेड, औषध म्हणाल तर एवढंच. गोव्यापुरतं बोलायचं तर कुत्र्यांच्या लसीकरणामुळे 2021 ला आपलं राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं, नियंत्रित म्हंजे मुक्त नव्हे, आणि आपली मुलं किनाऱ्यावर, बाजारात कुत्र्यांच्या मागे कशी धावतात ते तुम्ही बघताच.

म्हंजे कांकण चहात पडलं म्हणून रडणारं पाच वर्षांचं मूल माझ्यासमोर आहे त्याच्या मागे केवढी माणसं आहेत बघा, उपकेंद्रातली नर्स, आईसबॉक्स घेऊन चिखलातून वाडा-वाडा फिरणारी, अंगणवाडीतली सेविका, कोणीतरी कुठेतरी फ्रीजचं तापमान वहीत लिहून ठेवणारं. बरणीत चिठ्ठी टाकायचीच तर त्यांच्या नावाची टाका. माझ्या मते कृतज्ञता म्हंजे मनात उमाळा येणं नव्हे, हिशोब माहीत असणं. बँकवाली आहे, दुसरं काय सांगणार.

पण एक, आणि हे घाईत सांगावं लागतंय याचं वाईट वाटतंय कारण खरं भाषण इथे सुरू व्हायचं होतं. या हिशोबाची कोणी काठी करू नये. आमच्या वेळी नऊ-नऊ पोरं काढली, तुम्हाला दोन जड होतात, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, काहींनी ऐकवलंही असेल, पुढच्या रांगेत बघत नाहीये मी. दमलेल्या बाईला कृतज्ञ राहा म्हणून गप्प बसवायचं आणि डबा मात्र तिनेच भरायचा, हे चालणार नाही. माझा नवरा रात्री अकराला शिफ्ट संपवून आला आणि काही न बोलता बरणीची रिबन बांधायला बसला. त्याला ती बांधता येत नाही, फार वाईट बांधली. तो मला घरातला समजूतदारपणा वाटतो, मदर्स डेचं कार्ड नव्हे. चिडा, ओरडा, कंटाळा करा. सटीच्या रात्री जागणारीला चिडायची चैनसुद्धा नव्हती.

अध्यक्ष उभे राहिले. शेवटचं, एकच मिनिट. चवथ आली जवळ. आपण सगळे मूळ घरी जमणार, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली की दुपारी पुरुष पत्ते खेळणार आणि बायका नेवऱ्या तळणार, असो, त्यावर पुढच्या वर्षी. त्या दिवशी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा, की तुझी किती, आणि त्यातली जगली किती, गेली त्यांची नावं काय ठेवली होती. वंशावळीच्या वहीत ती मुलं नसतात, वाढले ते पुरुष तेवढे असतात. त्यांची नावं त्याच वहीत लिहा, ज्यांना नाव ठेवायला वेळच मिळाला नाही त्यांचं 'मुलगी, पाचवा दिवस' असं लिहा. आमच्या घरचं मी लिहायला घेतलंय, पाच आहेत, तीन नावं सापडलीत. उरलेल्या दोघांचं माहीत असणारी एक आत्या सावर्ड्याला आहे, तिला कमी ऐकू येतं, तेव्हा पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन जातेय. कोणाला आपल्या घरचं लिहायला मदत हवी असेल तर आरतीनंतर मला भेटा, पण पटकन, आठच्या आत घरी गेले नाही तर दोघंही न जेवता झोपतात आणि मग रात्री दोनला उठून पेज मागतात.