गळक्या वाहिन्या आणि नवे धरण

(विलेपार्ले येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

मुंबईला पाणी पुरवणारे सातही तलाव काठोकाठ भरले, तर त्यांत सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर वापरण्याजोगे पाणी साठते आणि शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी दिले जाते. भागाकार केला तर उत्तर ३७० दिवसांच्या आसपास येते. त्यातून बाष्पीभवन वजा केले, की एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पोहोचण्यापुरतीच आपली शिल्लक उरते. पुढच्या वर्षासाठी गाठीला काहीच राहत नाही. म्हणूनच २०२४ मध्ये जूनच्या पहिल्याच आठवड्यात दहा टक्के कपात करावी लागली. त्यामागे मोठा दुष्काळ नव्हता, आदल्या वर्षीचा पाऊस थोडा लवकर थांबला होता, इतकेच.

अशी तूट दिसली की या शहराचे उत्तर गेली दीडशेहून अधिक वर्षे ठरलेले आहे : आणखी लांब जा आणि आणखी एक धरण बांधा. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, पुढे अप्पर वैतरणा आणि भातसा, आणि २०१४ मध्ये १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा. प्रत्येक वेळी हे उत्तर त्या काळापुरते बरोबर होते, आणि त्यामागचे अभियांत्रिकी कौशल्य तर थक्क करणारे आहे. तानसा आणि वैतरणेचे पाणी शेकडो किलोवॅटचे पंप न लावता निव्वळ उताराने भांडुपपर्यंत येते. परंतु आता गारगाई नदीवर, वाडा तालुक्यातील ओगदे गावाजवळ, दररोज ४४० दशलक्ष लिटर पाणी देणारे धरण बांधायचे आहे, त्यासाठी तानसा अभयारण्यातील जंगल पाण्याखाली जाणार आहे आणि लाखो झाडांचा प्रश्न आहे. अशा वेळी आधी एक हिशेब मांडायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहरात येणाऱ्या पाण्यापैकी चौथा ते तिसरा हिस्सा बिलात उतरत नाही. सर्वांत कमी अंदाज धरला तरी ही तूट रोजची ९५० दशलक्ष लिटरच्या पुढे जाते, म्हणजे गारगाईच्या दुपटीहून अधिक. मात्र हे सगळे पाणी जमिनीत मुरते, असा याचा अर्थ नव्हे, आणि येथे भाषणे करणारे बरेच जण घसरतात. या तुटीत बंद पडलेली मीटरे आहेत, चोरीच्या जोडण्या आहेत, आणि अधिकृत जोडणी मिळत नाही म्हणून वस्त्यांनी मिळेल तेथून घेतलेले पाणीही आहे. ते पाणी माणसेच पितात. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने झोपडी अनधिकृत असली तरी तेथील माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे सांगितले. जोडणी देऊन मीटर बसवणे हा तूट कमी करण्याचाही सरळ मार्ग आहे.

उरते ती खरी गळती. ती किती असू शकते, हे एका साध्या गणिताने पाहू. जलवाहिनीला सहा मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे पेन्सिलीहून बारीक छिद्र आहे आणि आत वीस मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब आहे, असे धरा. त्या छिद्रातून दिवसाला सुमारे २९ हजार लिटर पाणी जाते. माणशी १३५ लिटर धरले तर हे दोनशेहून अधिक लोकांचे पाणी झाले. रस्त्यावर कारंजे उडाले की तासाभरात तक्रार जाते. पण असली छिद्रे वर दिसत नाहीत. जुन्या भागात जलवाहिनीशेजारीच पर्जन्यजलवाहिनी असते आणि गळलेले पाणी गुपचूप तिच्यात उतरून समुद्राला मिळते. उन्हाळ्यात कोरड्या असायला हव्यात अशा गटारांतून नितळ पाणी वाहताना दिसले, तर त्यावर शंका घ्यावी.

ही गळती शोधण्याचे काम रात्री चालते. रहदारी थांबली की कर्मचारी लोखंडी सळई झडपेवर किंवा उघड्या वाहिनीवर टेकवतो आणि तिचे वरचे टोक कानाशी धरतो. अनुभवी कानाला वाहत्या पाण्याचा आवाज आणि फटीतून सुटणाऱ्या पाण्याची सूं सूं वेगळी ओळखू येते. आज त्या जोडीला इलेक्ट्रॉनिक यंत्रे आहेत; वाहिनीच्या दोन टोकांना संवेदक लावले की आवाज पोहोचण्याच्या फरकावरून जागा काढता येते. तरीही आपल्याकडे एक मोठी अडचण राहतेच : आवाज यायला वाहिनीत दाब असावा लागतो, आणि बहुतेक विभागांत पाणी दिवसातून काही तासच येते. चावीवाला झडप फिरवून गेला की त्या गल्लीची वाहिनी रिकामी होऊ लागते. रिकाम्या वाहिनीत गळती ऐकू तर येत नाहीच, उलट त्याच छिद्रांतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. पाणी आल्याबरोबर पहिली पाच मिनिटे गढूळ का येते, त्याचे हे एक कारण. त्यात कोणी थेट वाहिनीवर पंप लावला की ओढ आणखी वाढते. म्हणून चोवीस तास पाणी ही चैन नसून वाहिनी सतत भरलेली आणि मध्यम दाबाखाली ठेवण्याची ती आरोग्याची गरज आहे. मध्यम दाब असे मी मुद्दाम म्हणतो. दाब चौथाईवर आणला तर छिद्रातून जाणारे पाणी निम्म्यावर येते.

आता दुसरा मुद्दा, व्यवस्था तग धरण्याचा. ठाण्यात कूपनलिका खोदताना जमिनीखालच्या जलबोगद्याला भोक पडले आणि दुरुस्तीसाठी २०२३ मध्ये मार्चअखेरपासून मुंबईवर महिनाभर १५ टक्के कपात आली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अंधेरीत सीप्झजवळ मेट्रोच्या कामात वेरावली जलाशयाची १,८०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी फुटली. दुरुस्तीला सुमारे पन्नास तास लागले आणि पार्ल्यापासून जोगेश्वरीपर्यंत लोकांनी टँकरची वाट पाहिली. या सभागृहातील बहुतेकांना ते दिवस आठवत असतील. दोन्ही घटनांत धरणे भरलेली की रिकामी, याचा काही संबंध नव्हता. जमिनीखाली काय आहे याचा सर्वांना दिसेल असा एकच नकाशा असता आणि खोदणाऱ्या प्रत्येकाला तो आधी पाहणे बंधनकारक असते, तर दोन्ही टळल्या असत्या.

भांडुप संकुलाचेही तसेच आहे. शहराच्या पाण्याचा फार मोठा वाटा तेथे शुद्ध होतो आणि तेथील १,९१० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र चाळिशी ओलांडून गेले आहे. त्याच्या जागी नवे केंद्र उभारण्याचे काम हाती घेतले आहे, हे मला कोणत्याही नव्या धरणापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. भातसाचे पाणी पिसे येथे उचलून पांजरापूरला न्यावे लागते. तेथे वीज गेली की कपातीची बातमी येते. पर्यायी मार्ग, पर्यायी वीज, बंद ठेवून दुरुस्त करता येईल असा जलाशयाचा कप्पा : या गोष्टींना फीत कापण्याचा समारंभ नसतो, म्हणून त्यांना निधी उशिरा मिळतो. मलबार हिलच्या जुन्या जलाशयाबाबत तरी पाडून नवा बांधण्यापेक्षा दुरुस्तीचा विचार पुढे आला, तोही नागरिकांनी हरकत घेतल्यानंतर.

मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प प्रस्तावित आहे. पाऊस रुसला तरी समुद्र आटत नाही, हे त्याचे बळ खरे. पण एक हजार लिटरला तीन ते चार युनिट वीज धरली तर रोजची सहा ते आठ लाख युनिटे झाली. उलट सात ठिकाणी उभ्या राहत असलेल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची एकत्रित क्षमता २,४६४ दशलक्ष लिटर आहे. त्यातील पाव हिस्सा जरी आणखी शुद्ध करून कारखाने, बांधकामे, उद्याने, रेल्वेच्या गाड्या धुणे यांना दिला, तरी पिण्याचे तेवढे पाणी मोकळे होईल. चेंबूरच्या खत कारखान्याने हे कित्येक वर्षांपूर्वी करून दाखवले आहे.

आणि शहापूर तालुक्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय मांडणे मला अप्रामाणिक वाटते. तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणे तेथे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही तेथेच. मुंबईने वाचवलेल्या पाण्यावर पहिला हक्क त्यांचा मानला पाहिजे.

शेवटी आपल्या हातातले एक काम सांगतो. पाण्याची वेळ संपली की सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीचा पंप आणि बाहेर जाणाऱ्या झडपा बंद करा, आतल्या भिंतीवर खडूने पातळीची खूण करा आणि सकाळी पाणी यायच्या आधी पुन्हा पाहा. चार मीटर बाय तीन मीटरच्या टाकीत पातळी दोन इंच उतरली असेल, तर सुमारे सहाशे लिटर पाणी एका रात्रीत भिंतीतून गेले. ज्या फटीतून ते गेले तिच्यातूनच टाकी रिकामी असताना शेजारच्या ड्रेनेज चेंबरचे पाणी आत येऊ शकते. तेव्हा गिलावा आणि वॉटरप्रूफिंगचे काम पावसाळ्याआधी उरका, आणि त्याच वेळी फ्लोट वर आल्यावर पाणी खरोखर बंद होते का, तेही तपासून घ्या.