कंपाउंड वॉल नसलेले टॉवर

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. प्रोजेक्टर आज जरा पिवळट दाखवतोय, त्यामुळे स्लाइडमधली वीट असते त्यापेक्षा जास्त केशरी दिसेल, तेवढं सांभाळून घ्या.

तर विषय दिलाय लक्झरी अपार्टमेंट आणि लँडस्केप, आणि मी जे दाखवणार ते बांधलं तेव्हा लक्झरी वगैरे काही नव्हतंच. कोलंबियाची राजधानी बोगोटा, तिथले 'तोरेस देल पार्के', म्हणजे बागेजवळचे टॉवर. साठच्या दशकात एका गृहकर्ज देणाऱ्या बँकेने मध्यमवर्गासाठी बांधायला घेतले, १९७० च्या सुमारास पूर्ण झाले. तीन टॉवर, २९४ फ्लॅट, सगळ्यात उंच टॉवर ३७ मजली. आज हा पत्ता शहरातल्या सगळ्यात मानाच्या पत्त्यांपैकी एक आहे. आता मार्बलची लॉबी नाही, क्लबहाऊस नाही, मग हे झालं कसं, तेच बघायचंय.

आर्किटेक्ट रोखेलिओ साल्मोना. जन्म पॅरिसचा, १९२९ चा, वाढला बोगोटात. १९४८ मध्ये बोगोटात मोठी दंगल झाली, शहर जळलं, आणि हा पोरगा शिक्षण अर्धवट टाकून पॅरिसला ल कॉर्ब्युझिए या नामवंत आर्किटेक्टच्या ऑफिसात गेला, तिथे बरीच वर्षं काढली. आता गंमत बघा, त्याच ऑफिसात १९५१ ते ५४ आपले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी होते, पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जेजेत शिकलेले. आणि नेमक्या त्याच काळात ल कॉर्ब्युझिए स्वतः पांढऱ्या गुळगुळीत भिंती सोडून विटेकडे वळत होता, पॅरिसजवळची जाउल घरं, अहमदाबादचं साराभाई हाऊस, ही सगळी तेव्हाचीच. म्हणजे वीट आणि उघडं काँक्रीट यांचं बाळकडू दोघांना एकाच टेबलावर मिळालं म्हणा ना.

बोगोटाला वीट का, तर तिथे माती चांगली, भट्ट्या जुन्या आणि गवंडी पिढ्यान् पिढ्या तेच काम करणारे. शहर २,६०० मीटर उंचीवर, डोंगराच्या पायथ्याशी, गारठा आणि पाऊस वर्षभर. प्लास्टरवर तीन-चार पावसाळ्यात जे काळे ओघळ येतात ते आपल्याला वेगळे सांगायला नकोत, वीट मात्र ओली झाली की नुसती गडद होते, ऊन पडलं की परत उजळते.

साइट मात्र अवघड हो. उतारावरची जमीन, खाली माणूस आणि बैलाच्या झुंजीचं गोल स्टेडियम १९३१ चं, तेही विटेचंच दिसणारं, शेजारी जुनी सार्वजनिक बाग, आणि मागे हिरवेगार डोंगर. आपल्याकडचा कुठलाही बिल्डर काय करेल, एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते काढेल, तीन सारखे ठोकळे उभे करेल आणि भोवती भिंत घालेल. साल्मोनाने टॉवर पंख्यासारखे उलगडले, स्टेडियमच्या गोलाईभोवती वळणारे, आणि कडेने पायऱ्यापायऱ्यांनी उतरत आणले, त्यामुळे खालून बघितलं तर इमारत एकदम अंगावर येत नाही आणि मधल्या फटीतून डोंगर दिसत राहतो.

आणि वळण म्हणजे गवंड्याची परीक्षा असते, कारण वीट सरळ, भिंत वाकडी, बाहेरच्या बाजूला दोन विटांमधली दरज फाकते आणि आतल्या बाजूला मिटते, मग एक तर वीट तासायची नाहीतर वेगळ्या आकाराची पाडून घ्यायची, आणि दर थराला ओळंबा धरायचा ३७ मजले. अर्थात आत सांगाडा काँक्रीटचा आहे, वीट एकटी एवढं पेलणार नाही. पण परवा एका क्लायंटने मला ब्रिक लूक द्या म्हणून वीतभर जाडीच्या भिंतीवर चिकटवायची टाइल दाखवली ना, तसला हा प्रकार नाही.

आता खरा मुद्दा. जवळजवळ पाऊण जमीन मोकळी सोडली, आणि मोकळी म्हणजे सोसायटीच्या मेंबरांसाठी नव्हे, सगळ्यांसाठी. वरच्या रस्त्यावरून खालच्या बागेत जायला टॉवरच्या मधूनच पायऱ्या, ओटे, कट्टे, आणि त्यांनाही तीच वीट, म्हणजे भिंत कुठे संपली आणि जमीन कुठे सुरू झाली ते कळत नाही. शाळेची पोरं, कुत्री फिरवणारे, ऑफिसला जाणारे, सगळे तिथूनच जातात.

आपल्याकडे लँडस्केपवाल्याला बोलावतात कधी? सगळं झाल्यावर. तोवर साइड मार्जिनमधून गाड्यांचा आणि बंबाचा रस्ता गेलेला असतो, उरतो पार्किंगचा स्लॅब, त्यावर दीड-दोन फूट माती, तिथे काय चिंच लावणार आहात का तुम्ही? मग लॉन, चार पाम आणि ब्रोशरमध्ये 'झेन गार्डन'. साल्मोनाने आधी लोक कुठून चढतील, कुठे टेकतील, कुठून डोंगर दिसेल हे ठरवलं आणि टॉवर त्यात बसवले, म्हणून तिथे लँडस्केप वेगळं दाखवताच येत नाही.

हां, विचारा. सिक्युरिटी? टॉवरच्या दाराशी माणूस बसतो की. कुलूप दाराला आहे, पायऱ्यांना नाही. तुमच्या सोसायटीत चालेल का? जनरल बॉडीत मांडून बघा, मी येतो हवं तर, पण मागच्या खुर्चीवर बसेन.

आणि त्या स्टेडियमचं म्हणाल तर बाल्कनीतून झुंज फुकट दिसायची लोकांना, पण २०२४ मध्ये तिथे बंदीचा कायदा झालाय, २०२७ पासून देशभर बंद. रिंगण तसंच राहणार, टॉवर त्याच्याभोवती वळलेले. पुढची स्लाइड घ्या, पायऱ्यांची क्लोजअप आहे, कडा बघा कशा झिजल्यात.