स्टेटस वाचायचं कुणाच्या डोळ्यानं?

ऑगस्ट २०२२. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणारा, मूळचा काश्मीरचा एक प्राध्यापक व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवतो. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, ३७० कलम काढलं त्यावर आम्ही खूश नाही, आणि १४ तारखेचं म्हणून पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. पालक आणि शिक्षकांच्या ग्रुपमधल्या लोकांच्या नजरेस ते पडलं आणि झालं, हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १५३ अ, म्हंजे समाजासमाजात तेढ लावली, ३ वर्षांपर्यंत शिक्षा.

आता तुम्हाला ते स्टेटस आवडलं नसेल, लई जणांना आवडलं नव्हतं, पण प्रश्न तो नाहीच. प्रश्न असा की हे स्टेटस वाचून "तेढ निर्माण झाली" हे ठरवायचं कुणाच्या डोळ्यानं वाचून? घटनेच्या १९(१)(अ) मध्ये भाषणस्वातंत्र्य एका ओळीत आहे, लगेच खाली १९(२) मध्ये बंधनांची यादी आहे, पण वाचणारा माणूस कसला धरायचा हे कुठंच लिहिलेलं नाही. ते कोर्टानं ठरवलं, आणि वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं ठरवलं.

कोल्हापूरला ह्याची जुनी ओळख आहे बरं का. १८८२ साली इथले छत्रपती चौथे शिवाजी, वयानं लहान, आणि त्यांचा छळ चाललाय असं टिळक-आगरकरांच्या केसरी-मराठा ह्या वर्तमानपत्रांमधनं छापून आलं, दिवाण बर्वेंनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, छापलेली पत्रं बनावट निघाली आणि टिळक-आगरकर दोघंही डोंगरीच्या तुरुंगात. शिक्षा ४ महिन्यांची, भोगली १०१ दिवस. तिथं निदान मजकूर खोटा ठरला होता. पुढं १८९७ ला टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा मात्र मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची ज्युरीला म्हणाले की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हंजेच अप्रीती, आणि अप्रीती पसरवणं हाच ह्या कलमातला गुन्हा. कायदा तोच, कलम तेच, पण न्यायाधीशानं त्याचं तोंड एवढं रुंद केलं की सरकारवर नुसतं रागावलेला कुणीही आत बसेल. टिळकांना १८ महिने. राजद्रोहाच्या त्याच १२४ अ कलमाला सुप्रीम कोर्टानं १९६२ ला केदारनाथ सिंग केसमध्ये आवळलं, हिंसेला किंवा गोंधळाला चिथावणी असेल तरच गुन्हा, नुसती टीका म्हंजे राजद्रोह नाही. कलमाचा अर्थ आवळला तो कोर्टानं, संसदेनं नाही.

पण सगळ्यात कामाची गोष्ट झाली ती नागपुरात. १९४६, अजून इंग्रजांचं राज्य. नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस ह्यांनी लिहिलं की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीराच्या माणसाच्या मापानं, डळमळीत मनाच्या माणसाच्या नाही, आणि विरोधी मत दिसलं की ज्याला धोक्याचा वास येतो त्याच्या तर नाहीच. हे वाक्य मग पुढं अनेक निकालांत उतरलं. १९८८ ला दूरदर्शनवरची तमस मालिका बंद करा म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले तेव्हाही हीच फूटपट्टी लावली आणि मालिका दाखवायला परवानगी राहिली.

कोर्ट म्हंजे कायम बोलणाऱ्याच्याच बाजूला, असं समजू नका हां. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची "गांधी मला भेटला" ही कविता एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात १९९४ ला छापली, खटला झाला, आणि २०१५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गांधींसारख्या आदरणीय माणसाचं नाव वापरून अश्लील लिहिलं तर मोजमाप जास्त कडक. मला विचाराल तर हे बोस साहेबांच्या बरोबर उलटं आहे, वाचणारा खंबीर धरायचा का हळवा, काहीतरी एक धरा की. त्याच साली, दोन महिन्यांपूर्वी, ह्याच कोर्टानं आयटी कायद्याचं ६६ अ कलम रद्द केलं होतं, ज्याखाली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरनं उचललं होतं.

परत आपल्या प्राध्यापकाकडं. एप्रिल २०२३ ला मुंबई हायकोर्टानं गुन्हा रद्द करायला नकार दिला. पाकिस्तानच्या शुभेच्छांमुळं १५३ अ लागत नाही म्हणाले, पण काळा दिवसवाला भाग लागू शकतो. मग सुप्रीम कोर्ट. ७ मार्च २०२४ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान ह्यांनी बोस ह्यांचंच वाक्य काढलं आणि गुन्हा रद्द केला. सरकारच्या निर्णयावर नाराजी व्यक्त करणं हा हक्क आहे, दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं हा सद्भाव आहे, माणूस अमुक धर्माचा म्हणून त्याच्या डोक्यात वाईटच असणार असं धरता येत नाही. शिवाय, आता पोलिसांनाच भाषणस्वातंत्र्य शिकवायची वेळ आलीय, असंही लिहिलं.

दीड वर्षावर काळ गेला ह्याच्यात. कागद एक, स्टेटस दोन-तीन ओळींचं, आणि हातकणंगले ते दिल्ली.

मधे ७ जून २०२३ होऊन गेला. परत स्टेटसच, ह्या वेळी औरंगजेब-टिपूवरनं, कोल्हापूर शहर बंद, शिवाजी चौकात गर्दी, दगडफेक, लाठीमार आणि नेट बंद. नेट बंदीचा आदेश जाहीर करायला पाहिजे आणि बंदी गरजेपुरतीच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्येच अनुराधा भसीन केसमध्ये सांगितलेलं, पण आपण नेट कधी चालू होणार एवढंच विचारतो, आदेश कुठाय ते कोण विचारत नाही.

स्क्रीनवर दिसतंय ते कोल्हापुरातलं, भाऊसिंगजी रोडवरचं, सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यासमोरचं जुनं कोर्ट. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, सहा जिल्ह्यांसाठी. म्हंजे एफआयआर रद्द करून घ्यायला मुंबईला जायची महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र आता काढायला नको.

आणि आता एफआयआर दाखल व्हायच्याही आधीची पायरी. मार्च २०२५ ला एका खासदाराच्या पोस्टमधल्या कवितेवरनं गुजरातमध्ये झालेला गुन्हा रद्द करताना ओक-भुयान ह्यांच्याच खंडपीठानं सांगितलं, बोलण्या-लिहिण्याच्या अशा केसमध्ये, जिथं शिक्षा ३ ते ७ वर्षांच्या आतली आहे, तिथं बीएनएसएस, म्हंजे फौजदारी कारवाईच्या नव्या कायद्याच्या, १७३(३) खाली डीवायएसपींची (पोलीस उपअधीक्षकांची) परवानगी घेऊन १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करणंच योग्य. जुनं १५३ अ आता बीएनएसमध्ये, म्हंजे दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, १९६ झालंय, तेही ह्याच्यात बसतं. तेव्हा उद्या स्टेटसवरनं कुणावर गुन्हा दाखल झाला तर वकिलानं सगळ्यात आधी विचारायचं ते हेच, चौकशी केली होती का, आणि परवानगीचा कागद दाखवा.