एकाच चमच्याने

(पडवी, चूल, वाफाळती पेज)
वेंगुर्ल्याजवळची एक वाडी. चुलीवरची पेज आताच उतरवली आहे. आजी चमचाभर पेज घेते, फुंकर घालते, ओठांना लावून बघते आणि तोच चमचा नातीला भरवते. पोरीचं तोंड भाजू नये म्हणून.

या घरात तिघांना ‘पित्त’ आहे. पोटात आग पडली की आगळाचं, म्हणजे कोकमाच्या रसाचं पाणी, नाहीतर नाक्यावरच्या दुकानातली गोळी. आजीच्या पोटात मात्र जंतू सापडला: हेलिकोबॅक्टर पायलोरी.

जठरातल्या आम्लात जंतू टिकत नाही, असं डॉक्टर वर्षानुवर्षं मानत आले. हा टिकतो. युरियापासून अमोनिया तयार करून भोवतालचं आम्ल मारतो आणि मळसूत्रासारखा फिरत जठराच्या बुळबुळीत अस्तरात शिरतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हे दोन डॉक्टर तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवायची खटपट करत होते. बशा एरवी दोन दिवसांत फेकल्या जात. ईस्टरच्या सुट्टीत पाच दिवस तशाच राहिल्या, आणि जंतू उगवला. तरी या जंतूने जठरात अल्सर, म्हणजे व्रण होतो, हे कुणी मानेना. १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्यायले आणि आठवड्याभरात उलट्यांनी हैराण झाले. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

(बाव, रहाट, कळशा)
हा जंतू पोटात जातो बहुधा लहानपणीच. लाळेतून, उलटीतून, विष्ठेने नासलेल्या पाण्यातून. आई आणि मुलाच्या पोटातले जंतू तपासले, तर पुष्कळदा ते एकाच वाणाचे निघतात.

ही बाव नीट बघा. एप्रिलमध्ये पाणी तळाला जातं, कळशी गाळासकट वर येते. पावसाळ्यात पाणी काठाशी, पण भोवती सगळा जांभा. जांभा सच्छिद्र, वरचं पाणी झरझर खाली उतरतं. संडासाचा खड्डा इथून हाकेच्या अंतरावर आहे. पाणी कपड्याने गाळतात. कपड्यात गाळ अडकतो, जंतू नाही. पाणी उकळावंच लागतं.

(गणपती, पंगत)
चतुर्थीला चाकरमानी येतात. सात माणसांच्या घरात वीस पानं मांडली जातात. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर, प्रत्येकाच्या पानातला घास खात फिरतं.

जंतू असलेल्या बहुतेकांना जन्मभर काहीच होत नाही. काहींना अल्सर होतो, थोड्यांना जठराचा कर्करोग.

(फळीवरच्या गोळ्या)
आजीला चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. घरातल्या बाकीच्या दोघांचं ‘पित्त’ कुणी तपासलं नाही. ते तपासायला हवं होतं. एका घरात एका माणसाला औषध देऊन थांबता येत नाही.

(पडवी, दुसरी सकाळ)
पेज उतरली आहे. आजीच्या हातात आज दोन चमचे आहेत. एकाने ती चाखते, दुसऱ्याने भरवते.