लेकराला वायरी लावायच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप, असं धरून चालतात. लेकरू घोरायला लागलं की आजी म्हणते, दमलंय बिचारं, झोपू द्या. पण जे लेकरू सर्दी-पडसं नसतानाही बहुतेक रात्री घोरतं, तोंड उघडं ठेवून, मान मागे टाकून झोपतं, थंडीतसुद्धा उशी घामानं भिजवतं आणि घोरता घोरता मध्येच गप्प होऊन हिसका देत श्वास घेतं, त्याची झोप नीट होत नसते. घशातले टॉन्सिल आणि नाकाच्या मागची अडेनॉइडची गाठ वाढली की श्वासाची वाट अरुंद होते. २ ते ८ वर्षांच्या वयात हे जास्त दिसतं, कारण तेव्हा या गाठी घशाच्या मानानं मोठ्या असतात. १०० मुलांमागे १ ते ५ मुलांना झोपेत श्वास अडण्याचा हा त्रास असतो. मोठ्या माणसाची झोप झाली नाही तर ते दिवसा पेंगतं. लेकरू बहुतेक वेळा उलट वागतं. चिडतं, एका जागी बसत नाही, वर्गात लक्ष देत नाही, आणि गुरुजी म्हणतात पोरगं वांड आहे. काही मुलं बऱ्याच काळानंतर पुन्हा अंथरुण ओलं करायला लागतात.

असं असेल तर आधी एक करा. लेकरू झोपलं की अंगातला सदरा वर करून छाती आणि चेहरा दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढा आणि डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही सांगा. मग कान-नाक-घशाचे किंवा मुलांचे डॉक्टर गरज वाटली तर रात्रभराची झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, करायला सांगतात.

मी अशाच तपासणीच्या खोलीत तंत्रज्ञ आहे. लेकरांच्या अंगाला वायरी लावणं आणि रात्रभर पडद्यावर त्यांचा श्वास बघत बसणं, हे माझं काम. आज मला बोलायचंय ते तपासणीच्या आधीच्या आठवड्याबद्दल, कारण ती रात्र कशी जाणार हे बरंचसं घरीच ठरून आलेलं असतं.

लेकरू खोलीत येतं, भिंतीजवळ लोंबणाऱ्या वीसेक रंगीत वायरी बघतं आणि आईच्या पदराआड जातं. आई म्हणते, काही नाही बाळा, काहीच करणार नाहीत. मला त्या वेळी लेकराचंच बरोबर वाटतं. घरात रांगायला लागल्यापासून आपण त्याला काय शिकवलंय? वायरीला हात लावू नको, करंट बसेल. शेतातल्या मोटारीजवळ जाऊ नको. आणि आता त्याच वायरी आपण त्याच्या डोक्याला चिकटवणार. ते घाबरलं तर ते शहाणं आहे. त्याला "घाबरू नको" म्हणून भागत नाही, उत्तर द्यावं लागतं. उत्तर सोपं आहे: या वायरींतून अंगात काहीच येत नाही. अंगात जे चाललंय ते या वायरी ऐकतात आणि मशीनला सांगतात. सुई नाही, रक्त काढत नाहीत, झोपेचं औषधही देत नाहीत. हे चार दिवस आधी, घरी, जेवताना सांगितलं तर लेकरू त्यावर विचार करतं आणि प्रश्न विचारतं. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला असं आधी सांगावं. दोन-तीन वर्षांच्या लेकराला त्याच दिवशी सकाळी सांगितलेलं बरं.

आणि फसवून आणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. "मावशीकडे चाललोय" म्हणून आणलेलं मूल मध्यरात्रीपर्यंत झोपत नाही, कारण आता त्याचा आईवरही विश्वास उरलेला नसतो. "नीट झोपला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हेही नको. रात्रभर त्या सुईची वाट बघत ते डोळे उघडे ठेवतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला घरी तेच खेळता येईल. आम्ही टेपनं डोक्याचं माप घेतो आणि रंगीत पेन्सिलीनं खुणा करतो. प्रत्येक खुणेवर जराशी खरखरीत जेल कापसाच्या काडीनं घासतो. एवढंच काय ते थोडं चुरचुरतं, आणि हे लेकराला खरं सांगावं. मग टूथपेस्टसारखी घट्ट पेस्ट लावून छोटी चकती बसवतो. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, छातीला आणि पायाच्या नडग्यांना वायर येते. छाती-पोटाला दोन पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा, आणि नाकाशी मऊ प्लास्टिकची बारीक नळी. या सगळ्याला पाऊण तास ते तासभर लागतो. मुलांना सगळ्यात नकोशी वाटते ती नाकाची नळी.

म्हणून घरी सराव करा. औषधाच्या दुकानात कागदी चिकटपट्टी मिळते. तिचे तुकडे आधी बाहुलीला, मग बाबाच्या गालाला, मग लेकराच्या हनुवटीला लावा आणि हळूच काढा. आजीची ओढणी छातीवर सैल बांधून झोपायला सांगा. एक मुलगी माझ्याकडे आली ती बाहुलीच्या डोक्याला घरीच चिकटपट्ट्या लावून. मी तिच्या कपाळाला वायर लावली की ती बाहुलीला लावायची, आणि मला म्हणाली, "ताई, हिच्या नाकात नळी नाही लावली." मी लावली. मग तिनं स्वतःच मान वर केली.

वायरी लावून झाल्या की आम्ही काही गोष्टी करायला सांगतो: डोळे वर कर, खाली कर, मिचकाव, दात दाब, पाय हलव, श्वास क्षणभर रोख. मशीन नीट ऐकतंय का ते त्यावरून कळतं. घरी हा खेळ दोन-तीनदा खेळलात तर आमची दहा मिनिटं वाचतात आणि लेकराला वाटतं, हे तर मला येतं.

मुलं एक प्रश्न नेहमी विचारतात, माझं स्वप्न तुम्हाला दिसेल का? नाही. स्वप्नं पडायची झोप चालू आहे हे मला रेषांवरून कळतं, स्वप्नात काय आहे ते त्याचं त्यालाच ठाऊक. कॅमेऱ्याबद्दलही सांगून ठेवा. तो अंधारात बघतो, ताई शेजारच्या खोलीत जागी असते, आणि हाक मारली की येते.

तपासणीच्या दिवशी केस शाम्पूनं धुवा आणि तेल लावू नका. आपल्या आया परगावी निघताना आधी लेकराच्या डोक्याला चापून तेल लावतात, आणि तेलकट डोक्यावर चकती टिकत नाही. घट्ट वेण्या नकोत. काजळ घालू नका, तिथंच वायर येते. नखांना नेलपॉलिश नको. पंचमीची मेंदी नखांवर असेल तर आल्या आल्या सांगा. कपडे पुढून बटणाचे, वर-खाली वेगळे. नेहमीची वाकळ, नेहमीची उशी खुशाल आणा.

दुपारनंतर चहा नाही. चहा-खारी, चहा-चपाती आपल्या घरांत लहान मुलंही खातात, म्हणून मुद्दाम सांगते. कोला आणि चॉकलेटही नको. रोजची औषधं चालू ठेवायची की नाही ते डॉक्टरांना विचारा. झोप लागावी म्हणून सर्दीचं सिरप मात्र मनानं देऊ नका, त्यानं झोपेचं आणि श्वासाचं चित्र बदलतं. ताप किंवा सर्दी झाली तर फोन करून तारीख बदलून घ्या.

प्रवास हा आपल्याकडचा मोठा अडथळा. हिंगोली किंवा धाराशिवच्या आडगावातून निघालेलं लेकरू एसटीच्या खिडकीशी दुपारभर झोपतं, आणि रात्री दहाला टक्क जागं असतं. ज्याची दुपारची झोप सुटली आहे, त्याला गाडीत गप्पा मारून जागं ठेवा. अगदी लहानग्याची नेहमीची डुलकी मोडू नका.

सोबत एकच मोठं माणूस, आणि ते रोज जे लेकराला झोपवतं तेच. बीड भागातली कितीतरी लेकरं आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ राहतात. तेव्हा आजीच यावी. कारखान्यावरून बाप सुट्टी काढून धावत आला तर त्याची माया मोठीच, पण लेकराला झोप आजीच्या हाताखाली लागते. मात्र आजीनं शेजारच्या बिछान्यावर झोपायचं, लेकराच्या कुशीत नाही, नाहीतर तिची हालचाल आणि तिचं घोरणं आमच्या नोंदीत येतं. अंथरुण ओलं करायची सवय असेल तर कानात सांगा, जादा कपडे आणा. त्याच्यासमोर त्याची लाज काढू नका. लघवीला जायचं झालं तर वायरींची डबी काढून हातात देतो, सगळं सोडावं लागत नाही.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये श्वास अडण्याचं प्रमाण खूप जास्त असतं, म्हणून घोरणं दिसत नसलं तरी त्यांची ही तपासणी चार वर्षांच्या आत करावी असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. अशा किंवा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाला आधी एकदा दिवसा खोली दाखवायला आणता येईल का, ते विचारा. नळी आणि पट्टा हाताळू दिला की बराच फरक पडतो.

एक गोष्ट मला दर आठवड्याला कुणाला तरी समजवावी लागते. पहाटे चारला पालक म्हणतात, ताई, पहिली एसटी गाठायची आहे, काढा आता. मी नाही म्हणते, त्याला कारण आहे. मुलांचा श्वास जास्त अडतो तो स्वप्नांच्या झोपेत, आणि ती झोप पहाटेकडेच जास्त असते. चारला वायरी काढल्या तर नेमका आजार नोंदवायचा राहून जातो. सकाळच्या गाडीचं तिकीट काढा.

सकाळी पेस्ट कोमट पाण्यानं निघते, उरलेली शाम्पूनं. आणि आता डोक्याला हवं तेवढं तेल लावा. अहवाल लगेच मिळत नाही. रात्रीचे ३० सेकंदांचे तुकडे पाडून एकेक तुकडा वाचावा लागतो, आठ तासांचे ९६० होतात. अहवाल हातात आला की तासाला किती वेळा श्वास अडला आणि ऑक्सिजन कितीपर्यंत उतरला, हे दोन आकडे डॉक्टरांना विचारा. मोठ्यांमध्ये तासाला ५ च्या आत असेल तर ठीक मानतात, लहान मुलांत १ च्या वर गेलं तरी लक्ष द्यावं लागतं. म्हणून कुणी आकडा बघून "एवढं तर चालतं" म्हणालं, तर तो हिशोब मोठ्यांचा आहे की लहानांचा, हे तिथंच विचारून घ्या.

नमस्कार.